पर्यायी गुंतवणूक किती ठेवावी? आधी दुष्काळी वर्षाचा हिशेब मांडा

प्रश्न असा आहे. लातूर जिल्ह्यातली एक शिक्षणसंस्था, काही शाखा अनुदानित, काही विनाअनुदानित. देणग्या, वर्षानुवर्षांची शिल्लक आणि भूसंपादनात गेलेल्या एका जमिनीचा मोबदला मिळून साठ कोटींचा कायम निधी जमला आहे आणि तो सगळा बँकांच्या मुदत ठेवींत आहे. नव्याने आलेले एक विश्वस्त म्हणतात, अमेरिकेतली मोठी विद्यापीठं निम्म्याहून जास्त पैसा प्रायव्हेट इक्विटी (शेअर बाजाराबाहेरच्या खासगी कंपन्यांतला हिस्सा), हेज फंड (गुंतागुंतीचे डावपेच खेळणारे खासगी फंड), जमीनजुमला अशा 'पर्यायी' ठिकाणी ठेवतात. आपणही निदान पंचवीस टक्के तिकडे वळवू. जुने विश्वस्त एफडीच्या बाहेर पाऊल टाकायला तयार नाहीत. सचिवांनी विचारलं आहे की पारंपरिक आणि पर्यायी गुंतवणुकीचं प्रमाण किती ठेवावं.

आकडा हवा असेल तर सांगून टाकतो: पैसा खऱ्या अर्थाने अडकून राहील अशी पर्यायी गुंतवणूक सहा-सात टक्के, सोनं तेवढंच. पण हा आकडा मी जगातल्या कुठल्या विद्यापीठाकडे बघून काढलेला नाही. सलग दोन वर्षं पाऊस गेला तर तुमच्या संस्थेला किती रोकड लागेल, यावरून काढला आहे. मराठवाड्यातल्या संस्थांच्या गुंतवणूक समित्यांबरोबर काम करताना हा हिशेब सगळ्यात आधी मांडावा लागतो आणि बहुतेक ठिकाणी तो कधी मांडलेलाच नसतो.

आता सविस्तर.

तुमच्या संस्थेचं उत्पन्न कशावर चालतं ते बघा. अनुदानित शाखांचे पगार शासनाकडून येतात, त्याची काळजी तुलनेने कमी. विनाअनुदानित महाविद्यालय, इंग्रजी माध्यमाची शाळा, वसतिगृह यांचा सगळा भार फीवर. फी भरणारे पालक सोयाबीन, तूर, ऊस यांवर जगणारे, किंवा त्यांच्यावर जगणारे: अडत्याकडचे मुनीम, कृषी सेवा केंद्रवाले, छोटे व्यापारी. पाऊस गेला की पहिला हप्ता येतो, दुसरा राहतो. शासन परीक्षा शुल्क माफीची घोषणा करतं, शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीचे पैसे मागाहून येतात. त्याच वर्षी टँकरचा खर्च वाढतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं होतं, हे इथे कुणाला सांगायला नको. त्या दोन वर्षांत वसतिगृहं चालवणाऱ्या संस्थांचे हिशेब उघडून बघा. जमा कमी आणि खर्च जास्त, दोन्ही एकाच वेळी.

आणि आता निधी कुठे आहे ते बघा. काही एफडी राष्ट्रीयीकृत बँकेत, पण बऱ्याच जिल्ह्यातल्याच नागरी सहकारी बँकांत, कारण अर्धा टक्का जास्त मिळतो आणि संचालक ओळखीचे असतात. त्या बँकेची कर्जं कुणाला दिलेली? त्याच अडत्यांना, जिनिंगवाल्यांना, दालमिलला, प्लॉटिंग करणाऱ्यांना. संस्थेची बाकी मालमत्ता म्हणजे जमीन, तीही याच तालुक्यात, आणि तिचा भावही इथल्याच पैशावर ठरतो. फी, ठेव आणि जमीन तिन्ही एकाच पावसाला बांधलेली आहेत. कागदावर ही तीन वेगळी खाती दिसतात, पण प्रत्यक्षात जोखीम एकच आहे.

म्हणून विविधीकरणाचा माझा अर्थ साधा आहे. इथला पाऊस गेला तरी ज्याला काही होणार नाही, असं काहीतरी निधीत असलं पाहिजे. केंद्र सरकारचा रोखा, देशभरातल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, सोनं, हे या कसोटीला उतरतात. गावाबाहेरचा आणखी एक एनए प्लॉट उतरत नाही, मग सल्लागाराने त्याला कितीही आकर्षक नाव देऊन 'पर्यायी मालमत्ता' म्हटलं तरी.

एफडीवाल्या जुन्या विश्वस्तांचं म्हणणं मी हलक्यात घेत नाही. बाहेरची प्रलोभनं त्यांनी बघितली आहेत. पण एफडीत धोका नाही हे मात्र खरं नाही. तिथे तीन धोके आहेत.

पहिला, ठेव विमा. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच संरक्षण आहे. पाच-सहा कोटींच्या ठेवीपुढे त्याला काही अर्थ नाही. पतसंस्थेतल्या ठेवीला, मल्टिस्टेट असो वा साधी, तेवढंही नाही, कारण पतसंस्था ही बँक नव्हे. बीड, संभाजीनगरच्या ठेवीदारांनी गेल्या काही वर्षांत काय सोसलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. सार्वजनिक न्यासाचा एक रुपयाही तिथे नको. कायद्यातही ते बसत नाही.

दुसरा धोका व्याजदराचा. जानेवारी २०१४ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, आठ टक्के होता. मे २०२० मध्ये तो चारवर आला. एक-दोन वर्षांच्या पावत्या फिरवत राहणाऱ्या संस्थेचं व्याज या सहा वर्षांत कुठल्या कुठे घसरलं. मुद्दल जागेवर राहिलं म्हणून कुणाला टोचलं नाही, पण ज्या व्याजावर शिष्यवृत्त्या आणि शिपायांचे पगार चालत होते ते आटलं. एफडीत मुद्दल हलत नाही, उत्पन्न हलतं. संस्थेचं पोट उत्पन्नावर असतं.

तिसरा महागाईचा. वर्षाला पाच टक्के महागाई धरली तर आजच्या शंभर रुपयांची खरेदीची ताकद वीस वर्षांनी अडतीस रुपयांच्या आत येते. साठ कोटींवर साडेसहा टक्क्यांनी तीन कोटी नव्वद लाख व्याज येतं आणि तुम्ही ते पूर्ण खर्च करता. ताळेबंदात निधी साठच दिसतो. पण ज्या देणगीदाराने 'व्याजातून दरवर्षी दोन मुलींचं शिक्षण व्हावं' म्हणून पैसे ठेवले, त्याच्या व्याजात आता एका मुलीची एका सत्राची फी निघत नाही. याचं मला फार वाईट वाटतं. ज्यांनी विश्वासाने पैसे दिले त्यांच्यातले बरेचजण आज विचारायलाही नाहीत.

एफडीबद्दल आणखी एक बारीक गोष्ट. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम बदलला. व्यक्तीची एक कोटीपर्यंतची ठेव मुदतीआधी मोडू देणं बँकेला बंधनकारक आहे, त्याच्या वरच्या आणि संस्थांच्या ठेवीला मात्र 'नॉन-कॉलेबल' करता येतं, म्हणजे मुदत संपेपर्यंत मोडता येत नाही. थोडा जास्त दर दिसला म्हणून संस्था सही करून येते. तुमच्या पावत्या एकदा काढून वाचा. ज्या ठेवीला तुम्ही हाताशी असलेली रोकड समजता ती कदाचित कुलपात असेल.

आता नव्या विश्वस्तांच्या मुद्द्याकडे. ते ज्या मॉडेलबद्दल बोलतात ते येल विद्यापीठाचं. डेव्हिड स्वेन्सन यांनी १९८५ मध्ये तिथला निधी हाती घेतला आणि २०२१ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत चालवला. सुमारे एक अब्ज डॉलरचा निधी एकतीस अब्जांच्या पुढे गेला, दरवर्षी विद्यापीठाला मोठी रक्कम देऊन. काम असामान्य होतं यात शंका नाही. पण त्यामागे पूर्णवेळ तज्ज्ञांचा चमू होता, उत्तम फंड व्यवस्थापकांचा दरवाजा त्यांच्यासाठी आधी उघडत होता, आणि विद्यापीठाची पत अशी की अडचणीत बाजारातून कर्ज उभं करता येई.

त्याच मॉडेलची दुसरी बाजू २००८-०९ मध्ये दिसली. जून २००९ ला संपलेल्या वर्षात हार्वर्डचा निधी सत्तावीस टक्क्यांनी घसरला, येलचा जवळपास पंचवीस टक्क्यांनी. घसरण हा त्यातला लहान त्रास. मोठा त्रास असा की पैसा अडकलेला होता, प्रायव्हेट फंड आधी कबूल केलेली रक्कम मागत होते, आणि विद्यापीठाचा रोजचा खर्च निधीवर अवलंबून होता. जगातल्या सगळ्यात श्रीमंत विद्यापीठाला, म्हणजे हार्वर्डला, डिसेंबर २००८ मध्ये अडीच अब्ज डॉलरचे कर्जरोखे काढावे लागले. तुमच्या संस्थेला अशा वेळी कोण कर्ज देईल आणि कुठल्या दराने, याचं उत्तर सभेत मोठ्याने द्या. जिल्ह्यातल्या बँकेकडे जाल तर तिथेही तेव्हा तोच दुष्काळ असेल.

दुसरं उदाहरण फारसं सांगितलं जात नाही, ते नॉर्वेच्या सरकारी निधीचं. जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी हा एक. ढोबळमानाने सत्तर टक्के शेअर, बाकी रोखे. २०१० पासून थोडी स्थावर मालमत्ता, नंतर थोडी अक्षय ऊर्जा. खर्च अत्यल्प, सगळा हिशेब जाहीर. पर्यायी गुंतवणुकीशिवाय दीर्घकाळ निधी वाढतच नाही, असं कुणी सांगितलं तर हा निधी दाखवा.

पण आपल्याकडे खरी अट कायद्याची आहे, आणि चर्चा तिथूनच सुरू व्हायला हवी होती. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३५ मध्ये न्यासाचा पैसा कुठे ठेवायचा ते आहे: अनुसूचित बँक, टपाल बचत बँक, मान्यताप्राप्त सहकारी बँक, सरकारी रोखे. याबाहेर जायचं तर शासनाची अधिसूचना किंवा धर्मादाय आयुक्तांचा सर्वसाधारण वा विशेष आदेश लागतो. दुसरं कुंपण आयकराचं. १९६१ च्या कायद्याच्या कलम ११(५) मध्ये गुंतवणुकीच्या मान्य प्रकारांची यादी होती. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे क्रमांक बदलले, यादीची कल्पना तीच राहिली. सरकारी रोखे, बँक ठेवी, सार्वजनिक कंपन्यांचे काही रोखे, म्युच्युअल फंडाची युनिट्स, स्थावर मालमत्ता हे त्यात आहे. यादीबाहेर पैसा ठेवला तर करमाफी धोक्यात येते. नव्या विश्वस्तांच्या मनात असलेले एआयएफ, म्हणजे सेबीच्या २०१२ च्या नियमांखालचे पर्यायी गुंतवणूक निधी, सर्वसाधारण धर्मादाय न्यासासाठी या यादीत नाहीत. त्यामुळे पंचवीस टक्क्यांचा प्रस्ताव वाद घालण्याआधीच निकालात निघतो. दोन्ही कायद्यांत बसतं का, हे तुमच्या सीएंकडून लेखी घ्या. तोंडी 'चालतं हो' यावर ठराव करू नका. नंतर सही विश्वस्तांची असते.

तरीही एआयएफबद्दल थोडं सांगतो. संस्थेचे काही हितचिंतक आपला खासगी पैसा तिथे ठेवतात आणि तिथला परतावा सभेत सांगतात, म्हणून ते समजून घ्यायला हवं.

किमान गुंतवणूक एक कोटी. पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीतले फंड बंद मुदतीचे असतात, किमान तीन वर्षांचे, प्रत्यक्षात सात-आठ. मुदत आणखी दोन वर्षं वाढू शकते. तुम्ही तीन कोटी 'कमिट' करता, फंड ते तुकड्यातुकड्याने मागतो. मागणी येईल तेव्हा द्यावे लागतात, त्या वर्षी पाऊस पडलेला असो वा नसो. पहिली तीन-चार वर्षं हिशेबात तोटाच दिसतो, कारण शुल्क सुरू झालेलं असतं आणि कंपन्या अजून विकलेल्या नसतात.

शुल्काचं गणित बहुतेकांनी केलेलं नसतं. समजा, फंडाने वर्षाला पंधरा टक्के कमावले. दोन टक्के व्यवस्थापन शुल्क, त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे २.३६. उरले १२.६४. त्यात नफ्याचा वीस टक्के वाटा व्यवस्थापकाचा, आणि करारात 'कॅच-अप' (तुमचा किमान परतावा झाला की व्यवस्थापकाने आपला मागचा वाटा भरून घेण्याची अट) असेल तर तो जवळजवळ पूर्ण नफ्यावर. तुमच्या हाती दहा टक्क्यांच्या आसपास येतात, करापूर्वी. निफ्टीच्या निर्देशांक फंडाचा (निफ्टीतल्याच कंपन्यांचे शेअर त्याच प्रमाणात घेणारा फंड) खर्च पाव टक्क्याच्या आत असतो आणि पैसे दोन-तीन दिवसांत खात्यावर येतात. एवढा त्याग करायचा तर बदल्यात काय मिळतं, हे विचारायला लाजू नये.

'पण चढउतार कमी असतात' असं उत्तर येतं. ते फसवं आहे. शेअरचा भाव रोज ठरतो. खासगी कंपनीचं किंवा इमारतीचं मूल्यांकन सहा महिन्यांतून, कधी वर्षातून एकदा होतं आणि तेही माणसं करतात. मार्च २०२० मध्ये निफ्टी जानेवारीच्या उच्चांकापासून सुमारे अडतीस टक्के खाली आला. तेव्हा खासगी कंपन्यांचंही मोल घसरलंच होतं, फक्त अहवाल यायचा बाकी होता. मोजमाप उशिरा होतं म्हणून आलेख सपाट दिसतो, आणि त्या सपाट आलेखावर बेतलेलं 'योग्य प्रमाण' नेहमी पर्यायी गुंतवणुकीच्या बाजूने झुकतं. मोठमोठ्या संस्थांच्या समित्या यात फसल्या आहेत. शेअर पडले की एकूण निधी आक्रसतो, अडकलेला हिस्सा तेवढाच राहतो, आणि पंधरा टक्के म्हणून सुरू केलेला भाग न विचारता बावीस होतो. तो विकूनही कमी करता येत नाही.

संस्थेच्या कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र भविष्यनिर्वाह निधी न्यास असेल तर त्याला वेगळे नियम आहेत. १ एप्रिल २०१५ ला लागू झालेल्या रचनेत सरकारी रोखे ४५ ते ५० टक्के, इतर कर्जरोखे ३५ ते ४५, शेअरसंलग्न ५ ते १५, अल्पमुदतीची साधनं पाच टक्क्यांपर्यंत, आणि रीट (भाड्याच्या व्यापारी इमारतींतला हिस्सा), इन्व्हिट (महामार्गासारख्या प्रकल्पांतला हिस्सा) यांच्यासारख्यांना मिळून पाच टक्क्यांची मर्यादा होती. चिकलठाणा, वाळूजच्या कारखान्यांतले असे न्यास अशाच सरकारी चौकटीत चालतात. पर्यायी गुंतवणुकीबद्दल सरकारने कामगारांच्या पैशासाठी पाच टक्के हा आकडा ठरवला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. आणि ट्रिपल-ए या सर्वांत वरच्या पतमानांकनावर डोळे मिटून विसंबू नका. आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या कंपनीला २०१८ च्या उन्हाळ्यापर्यंत तेच मानांकन होतं. सप्टेंबरमध्ये ती हप्ते चुकवत होती आणि तिचे रोखे धरून बसलेल्यांत भविष्यनिर्वाह न्यासही होते.

आता तुमच्या साठ कोटींची मांडणी.

आधी रोकड. समजा, विनाअनुदानित शाखांची वर्षाची फी अठरा कोटी आहे. वाईट वर्षात एक तृतीयांश थकते, म्हणजे सहा कोटी. दुसऱ्या वर्षी पुन्हा सहा, आणि आधीच्या थकबाकीतले निम्मे वसूल होतात. म्हणजे दोन वर्षांत नऊ कोटींचा खड्डा. निधीतून दरवर्षी जे खर्चायचं ठरवाल ते चार टक्के धरा, दोन कोटी चाळीस लाख. दोन वर्षांचे चार कोटी ऐंशी लाख. बेरीज चौदा कोटींच्या जवळ. एवढा पैसा एका आठवड्यात हाती येईल असा हवा: मोडता येणाऱ्या ठेवी तीन-चार मोठ्या बँकांत, ट्रेझरी बिलं (केंद्र सरकारचे वर्षभराच्या आतले रोखे), थोडे लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या रोख्यांचा म्युच्युअल फंड). हा पैसा परतावा कमावण्यासाठी नाही, त्यामुळे त्याची तुलना कुणाशी करू नका. तुमचे फीचे आकडे वेगळे असतील तर चौदाच्या जागी तुमचा आकडा घाला, कारण पुढची सगळी मांडणी त्यावरच उभी राहते.

सव्वीस कोटी केंद्र आणि राज्यांच्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांत. इथे तुमचा खरा फायदा आहे आणि इथेच शिक्षणसंस्था सगळ्यात कमी बघतात. दहा वर्षांपासून चाळीस वर्षांपर्यंतचे रोखे मिळतात. नोव्हेंबर २०२३ पासून पन्नास वर्षांचेही. आजचा व्याजदर इतक्या वर्षांसाठी बांधून घेता येतो, २०१४ ते २०२० सारखी घसरण झाली तरी तुमचं व्याज तेच. लिलावात 'नॉन-कॉम्पिटिटिव्ह' बोलीची, म्हणजे स्वतः दर न सांगता रोखे घेण्याची, सोय न्यासांनाही आहे, केंद्राच्या रोख्यात एका लिलावात दोन कोटींपर्यंत. बँकेत किंवा प्रायमरी डीलरकडे (सरकारी रोख्यांचे अधिकृत व्यापारी) गिल्ट खातं, म्हणजे सरकारी रोखे ठेवायचं खातं, उघडावं लागतं, एवढाच खटाटोप. राज्यांच्या रोख्यांवर थोडं जास्त मिळतं. सव्वीस कोटी एकाच वेळी घालू नका. दहा, पंधरा, वीस, तीस वर्षांच्या मुदतीत दोन वर्षं विभागून घ्या. व्याजदर वाढले की बाजारभाव खाली दिसेल, तेव्हा कार्यकारिणीत घबराट होईल. तुम्ही मुदतीपर्यंत धरणार आहात, हे ठरावातच लिहून ठेवलं की घबराट आवरते.

बारा कोटी शेअर निर्देशांकाच्या म्युच्युअल फंडांत, परवानग्या हातात आल्यावर, तीन ते चार वर्षांत पसरून. पन्नास वर्षं चालायची आहे त्या संस्थेसाठी महागाईवर मात करणारं एवढं साधं आणि स्वस्त दुसरं साधन माझ्या माहितीत नाही. पण २००८ मध्ये सेन्सेक्स वर्षभरात निम्म्याहून अधिक पडला होता. तसं पुन्हा झालं तर बाराचे सहा दिसतील, साठचे चोपन्न. हे आकडे आज सभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात घ्या. ज्या विश्वस्ताला ते सहन होणार नाहीत त्याने आज बोलावं. चार वर्षांनी पडत्या बाजारात विकायचा आग्रह धरण्यापेक्षा आज आठ कोटींवर थांबलेलं बरं.

चार कोटी सोन्यात, पण गोल्ड ईटीएफमधून, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणाऱ्या सोन्याच्या फंडातून. सरकारी सुवर्णरोखे फेब्रुवारी २०२४ नंतर नव्याने आलेले नाहीत. सोन्याबद्दल आपल्याकडे इतकी माया आहे की त्याची दुसरी बाजू सांगावी लागते: २०१२ आणि २०१८, दोन्ही वर्षी दहा ग्रॅमचा भाव एकतीस हजारांच्या आसपास होता. सहा वर्षं काही नाही, व्याजही नाही. ते ठेवायचं ते रुपया किंवा बाजार कोसळेल त्या वर्षासाठी. सात टक्क्यांवर गेलं की विकून खाली आणायचं, भाव कितीही चढा असला तरी.

उरलेले चार कोटी खऱ्या अर्थाने 'पर्यायी'. इथे माझं मत अनेक सल्लागारांहून वेगळं आहे. रीट आणि इन्व्हिट ही चांगली साधनं आहेत: २०१४ च्या नियमांनी आली, वाटण्याजोग्या रोकडीपैकी किमान नव्वद टक्के धारकांना द्यावीच लागते, बंगळूरच्या कार्यालयांचं भाडं किंवा महामार्गाचा टोल लातूरच्या पावसावर ठरत नाही. थेट युनिट न्यासाला चालतात का हे सीएंकडून लिहून घ्या. म्युच्युअल फंड ती धरू शकतात, त्या मार्गाने थोडा हिस्सा येतो. यातले दोन कोटी तिकडे.

दुसरे दोन कोटी मी संस्थेच्या स्वतःच्या आवारात घालीन. छतावरचा सौर प्रकल्प आणि पाणी. शंभर किलोवॉटचा प्रकल्प आपल्याकडच्या उन्हात वर्षाला साधारण १.३ ते १.५ लाख युनिट देतो. युनिटला नऊ रुपये वाचतात असं धरलं आणि खर्च पन्नास लाखांच्या आसपास धरला, तर चार-साडेचार वर्षांत पैसे निघतात आणि पॅनल वीसेक वर्षं चालतात. मेच्या सुट्टीत वीज महावितरणकडे जाते, तिचा हिशेब नेट मीटरिंगच्या करारात कसा आहे ते आधी बघा. वसतिगृह असेल तर प्रकल्प त्या महिन्यातही कामी येतो. पाण्याचं तर त्याहून महत्त्वाचं. इमारतींच्या छतांचं पाणी, विहीर आणि बोअरचं पुनर्भरण, अस्तरीकरण केलेलं मोठं तळं. यावर घातलेल्या पैशाचा परतावा चांगल्या पावसाच्या वर्षात शून्य दिसेल. पण फी थकते त्याच वर्षी टँकरचं बिल वाचतं. संस्थेला पैशाची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच पैसे देणारी गुंतवणूक कुठल्याही फंडाच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. हा खर्च निधीची गुंतवणूक म्हणून दाखवायचा की उत्पन्नाचं विनियोजन म्हणून, हे ऑडिटरशी आधी बोलून ठरवा, कारण पंच्याऐंशी टक्के उत्पन्न उद्दिष्टांवर खर्च करण्याच्या अटीशी त्याचा संबंध आहे.

आणि जमीन? नवी घेऊ नका. समृद्धी महामार्ग झाला, शेंद्रा-बिडकीनच्या बाजूला भाव चढले, त्यामुळे प्रत्येक सभेत कुणीतरी प्लॉट सुचवतं. तुमच्या ताळेबंदात जमीन जुन्या खरेदी किमतीने आहे म्हणून ती छोटी दिसते. आजच्या भावाने मांडली तर संस्थेची निम्म्याहून जास्त मालमत्ता आताच जमिनीत आहे. ती विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायलाही. जाहिराती, हरकती, मूल्यांकन यात वर्ष सहज जातं. हीच तुमची सगळ्यात मोठी, सगळ्यात अडकलेली पर्यायी गुंतवणूक आहे आणि ती आधीच झालेली आहे. म्हणून बाकी अडकलेला हिस्सा मी सात टक्क्यांच्या आत ठेवतो.

देणगीदारांच्या नावाचे निधी या मांडणीत मिसळताना काळजी घ्या. कायम निधीसाठी आलेली देणगी मान्य प्रकारांतच आणि त्या निधीच्या नावे ओळखू येईल अशी ठेवावी लागते. 'कै. अमुक स्मृती पारितोषिक' म्हणून आलेले दोन लाख शेअर निर्देशांकात गेले आणि बाजार पडला, तर त्या कुटुंबाला पत्र लिहायची पाळी येईल. असे छोटे निधी रोख्यांच्या भागातच धरा.

राहिला प्रश्न प्रमाण कधी तपासायचं. मार्चअखेर तपासण्याची पद्धत आहे, पण तेव्हा सगळे ऑडिट आणि परीक्षांत बुडालेले असतात. मी मराठवाड्यातल्या संस्थांना पैसेवारीशी, म्हणजे पीक किती आलं याच्या सरकारी अंदाजाशी, सांगड घालायला सांगतो. खरिपाची सुधारित पैसेवारी ऑक्टोबरअखेर येते, अंतिम डिसेंबरअखेर. तुमच्या तालुक्याची सुधारित पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली, तर त्या दिवसापासून दीर्घ मुदतीत नवा पैसा घालणं थांबवायचं आणि येणारं सगळं व्याज त्या चौदा कोटींच्या भागात वळवायचं. वर आली तर जानेवारीच्या सभेत शेअर, सोनं, रोखे आपापल्या प्रमाणावर आणायचे. ठरावात हे शब्द घाला, तहसीलच्या आकड्याचा उल्लेख करून, म्हणजे निर्णय कुणाच्या अंदाजावर राहणार नाही. या वर्षीचा पहिला टप्पा म्हणून सगळ्या पावत्यांची यादी करा: बँक, रक्कम, मुदत, मोडता येते की नाही. ती यादी आणि फीच्या मागच्या दहा वर्षांच्या थकबाकीचा तक्ता घेऊन सभा बोलवा. चौदा कोटींचा आकडा त्या तक्त्यावरून बदलेल, आणि तो बदलला की वरचे सगळे आकडे मी पुन्हा मांडून देईन.